खग्रासची डावी मिशी

दिग्या,

तू गेल्यापासून गल्लीत फार शांतता आहे. लगेच फुशारून जाऊ नकोस, ती तुझ्यामुळे नाही. तू तसाही कमीच बोलायचास. शांतता आहे ती मामामुळे, म्हणजे तुझ्या बापामुळे. ज्याचा आवाज घरातून निघाला की चौकातल्या पानठेलेवाल्याच्या हातून चुना जास्त लागायचा, त्या माणसानं तुला अग्नी दिला, पाठ फिरवली, आणि तेव्हापासून तोंड उघडलेलं नाही. जेवतो, बिडी ओढतो, ओट्यावर बसतो. बोलत नाही.

आपल्या घराण्यात कुणी रुसलं, कुणी अन्न सोडलं, की मला पुढे करायची पद्धत आहे. "मधूले पाठवा, तो काहीतरी सांगन." मी गोष्टी सांगतो एवढीच माझी पात्रता. पण यावेळी मी जातो, मामाशेजारी बसतो, चहा पितो आणि परत येतो. माझ्या बायकोच्या मते मी एवढा वेळ गप्प बसू शकतो हे तिला आधी माहीत असतं तर संसार वेगळा झाला असता.

तेव्हा म्हटलं, तुझ्याशीच बोलावं. तुझं चरित्र लिहिणार नाही, घाबरू नकोस. ते दोन ओळींत संपेल आणि दुसऱ्या ओळीत तू मॅट्रिकला नापास होशील. मला बोलायचं आहे ते उल्कारामबद्दल.

माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष. सगळी गल्ली रेडिओभोवती, आणि मामा ओट्यावरून ओरडत होता, "गोटे आणाले एवढ्या दूर गेले? गोटे तं इथीबी हायेत!" तू तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला होतास आणि मी सरकारी कचेरीत नवाकोरा कारकून. त्याच आठवड्यात तू जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून माझ्यापुढे टाकलीस. पाठचा कागद पांढरा, गुळगुळीत. पहिल्या पानावर एक उडती तबकडी बेसा गावातल्या एका वावरात उतरत होती आणि एक म्हातारा तिला काठी दाखवत होता. तू म्हणालास, "हा काय म्हणते ते तू लिही."

मी लिहिलं, "हे परग्रहवासी आगंतुका! या पवित्र भूमीवर पदार्पण करण्याचे प्रयोजन काय?"

तू ते वाचलंस. खोडलंस. तिथं लिहिलंस, "तबकडी बाजूले घ्या जी, तूर दबून राहिली."

आपलं सगळं सहकार्य त्या एका पानात आलं.

तबकडीतून उतरला तो तमोग्रहाचा सम्राट खग्रास. पृथ्वी जिंकायला आलेला. कळमेश्वरच्या एका मुलीनं त्याला तर्रीचा रस्सा वाढला, तो ठसका लागून रडला, आणि त्या रडण्याला ती भुलली. लग्न झालं. मुलगा झाला. मग खग्रासचा मूळ स्वभाव उफाळून आला आणि तो बायको-पोराला टाकून परत गेला, मोठी फौज आणायला. तो मुलगा म्हणजे उल्काराम. अर्धा तमोग्रहाचा, अर्धा कळमेश्वरचा. रक्तात बापाची सगळी ताकद, आणि मनात सतत एकच भीती, की ताकद आली तशी बापाची चालही येईल का?

उल्कारामच्या पाठीवर झूल असावी असा माझा आग्रह होता. तू म्हणालास, "मे महिन्यात पाठीवर चादर बांधून कोण फिरन बे? लोकं दवाखान्यात नेतीन." मग तू त्याला आपल्याकडचा पोशाख दिलास. डोक्याला, कानाला, तोंडाला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा, फक्त डोळे उघडे, आणि खिशात उन्हावरचा उतारा म्हणून कांदा. नागपूरचं ऊन हीच त्याची शक्ती. सगळे दारं लावून पडले की हा बाहेर पडायचा. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, कूलरसमोर नेऊन बसवला की संपला, मांजरासारखा झोपायचा. जगात कुठं असा वीर झाला नसेल ज्याला पकडायला शत्रू कूलर घेऊन फिरतात.

आपल्या या चित्रकथेच्या अंकाची एकच प्रत निघायची आणि ती कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दोरीला टांगलेली असायची. वाचायची तर खुर्चीचा नंबर लावावा लागे. त्या वर्षी गल्लीतली पोट्टी जेवढी नीटनेटकी दिसली तेवढी पुन्हा कधी दिसली नाहीत. काहींच्या डोक्यावर कापायला काही उरलं नव्हतं तरी येऊन बसायची.

माझ्या संवादांवर तू फार जुलूम केलास, हे मात्र आज सांगतो. दिवसभर कचेरीत बसून माझी भाषा बिघडली होती, कबूल. खग्रास मुलाला धमकी देताना "सबब तुला कळविण्यात येते की" असं म्हणाला, हेही कबूल. पण उल्काराम टेकडीवरून खाली कोसळत असताना त्याच्या तोंडी मी जे भाषण घातलं होतं ते खरंच चांगलं होतं. तू चित्र पाहिलंस, मजकूर पाहिलास आणि म्हणालास, "मध्या, हा पडून राहिला ना बे? पडून राहिला का सत्कार घेऊन राहिला?" आणि संवादाचा अख्खा फुगा कापून तिथं लिहिलंस: "आई गं."

पोट्ट्यांना तेच पान सगळ्यात आवडलं. मी हे विसरलेलो नाही.

आता त्या बडग्याकडे येतो. हे तुझ्या-माझ्यात पुष्कळदा निघायचं, पण नेहमी हसण्यावारी जायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मारबती आणि बडगे निघतात. वर्षभरात जे जे वाईट झालं त्याचे पुतळे करायचे, वाजतगाजत गावाबाहेर न्यायचे आणि जाळून टाकायचे, म्हणजे पीडा गेली. त्या वर्षी गल्लीनं ठरवलं, खग्रासचा बडगा करायचा. दुसऱ्या गल्ल्यांचे बडगे महागाईचे, भेसळीचे. आपला थेट परग्रहाचा. बांबू आले, रद्दी आली, मामीनं कणकेची खळ शिजवून दिली. चेहरा तू रंगवलास, एकट्यानं, पडद्याआड, कुणाला बघू न देता.

सकाळी पडदा काढला आणि गल्ली दोन पावलं मागे सरली.

जाड भुवया. रागानं फुगलेल्या नाकपुड्या. टोकं वर वळलेली मिशी. उजवा हात वर, बोट आभाळात. मामी डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली आणि म्हणाली, "अरे लेकरा! हे तं तुये बाबा होय!"

तू असा काही चकित झालास की तुझ्यावर विश्वास ठेवावाच लागला. तुला खरंच कळलं नव्हतं. खलनायकाचा रागीट चेहरा काढायचा, तर जवळून पाहिलेला एकच होता, तो हातातून उतरत गेला. पानापानांवर तोच होता. छोटा होता म्हणून आमच्याही लक्षात आलं नव्हतं. तो घराहून उंच झाला तेव्हा दिसला.

आता मामा खलनायक होता का? मामा लोकांची बदनामी थेट मथुरेपासून चालत आलेली आहे, त्यामुळे मी पडलो भाचा, माझी साक्ष धरू नये. अंगणात आलेला चेंडू तो परत देत नसे. पतंग फाडायचा. आणि ओरडायचा. अख्खी हयात कापडाच्या मिलमध्ये मागांच्या खडखडाटात गेली, जॉबर म्हणजे मुकादम म्हणून त्या खडखडाटाच्या वर आवाज काढावा लागायचा. कान गेले आणि आवाज तेवढाच राहिला. घरी मीठ मागितलं तरी शेजारची म्हातारी दचकायची. उन्हाळ्यात तू सायकलवर पाय टाकलास की आतून गर्जना व्हायची, "दुपट्टा बांध बे! मरायचं हाय काय?" तू चिडायचास. तीस वर्षांचा झालास तरी चौकातल्या पोट्ट्यांसमोर तीच गर्जना. पण दुपट्टा बांधायचास. आणि उल्कारामाला तो पोशाख कुठून आला हे आपल्या दोघांपैकी एकालाही उमगलं नव्हतं, ही आपली हुशारी.

मामीनं रस्ता अडवला. "जित्या बापाले पोरगा आग देते का कधी? वाईट दिसते हे." पण मिरवणूक थांबते का? खांद्यावर बडगा चढला. "घेऊन जा गे मारबत!" सुरू झालं. आणि मिलच्या वळणावर समोरून मामा आला, हातात डबा.

त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आपण सगळे पळायच्या तयारीत. मी तर एक पाय उचललाच होता. मामा म्हणाला, "डावी मिशी खाली आली बे."

एवढंच. मग डबा माझ्या हातात दिला, मागच्या बाजूला खांदा लावला, आणि स्वतःचा पुतळा वाहत पुढं निघाला. "घेऊन जा गे मारबत" त्याच्याएवढ्या जोरात त्या दिवशी कुणी म्हटलं नसेल. पुढच्या गल्लीचे ढोल बंद पडले.

जाळायच्या मैदानावर पलिता तुझ्या हातात दिला गेला. कलाकाराचा मान. सगळे ओरडत होते, "लाव बे दिग्या!" मीही. माझ्या मते गोष्टीचा शेवट तोच होता. खलनायक जळतो, लोक टाळ्या वाजवतात, समाप्त. पलीकडे मामा उभा, घाम पुसत. त्यालाही उशीर होत होता. "लाव ना बे! काय पाहून राहिला?"

तू पलित्याकडे पाहिलंस, बडग्याकडे पाहिलंस, मामाकडे पाहिलंस. मग पलिता चिखलात टाकलास आणि म्हणालास, "नाही जळत. ओला हाय."

कोरडा ठणठणीत होता रे.

आणि मग आपल्या गल्लीनं ते केलं जे नागपुरात दुसऱ्या कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. गेलेली पीडा वाजतगाजत घरी परत आणली. लोक रस्त्याच्या कडेनं हसत होते, "हे पाहा, इडापीडा वापस घेऊन चालले!" मामीनं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. शेवटी मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली खग्रास उभा राहिला. त्या वर्षी अंगणातून एक चड्डीसुद्धा चोरीला गेली नाही.

पाऊस त्याला हळूहळू धूत होता. मामा रोज सकाळी दंतमंजन करत त्याच्यासमोर उभा राहायचा. "काय खग्रासराव, झोप झाली?" आपण दोघं भिंतीआडून ऐकत होतो आणि एकमेकांकडे बघत होतो. याला नाव कसं माहीत? सलूनवाल्यानं सांगितलं, "मामाजी तं दर अंकाले येते. दाढी असो का नसो."

मामानं आपल्याला एकदाच साहित्यिक सल्ला दिला. जेवता जेवता, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "त्या खग्रासले मारू नका गा. तो मेला का पोट्टा बेकार होते."

तेव्हापासून तुझा-माझा वाद. शेवटचा अंक तू काढलास, शेवटचं पान सोडून. सीताबर्डीची टेकडी, भर दुपार, बाप आणि मुलगा समोरासमोर. पुढचं पान कोरं. मी म्हणायचो, खग्रास मेला पाहिजे, नाहीतर एवढी चित्रं कशासाठी काढली? तू म्हणायचास, नाही मरत. मी म्हणायचो, मग त्यानं पश्चात्ताप करावा, निदान एक पान भाषण. तू म्हणायचास, "तुये बाबा ओरडत नाही ना बे. तुले नाही समजत." हे खरं. माझे वडील इतके हळू बोलायचे की ते घरी आहेत की नाही हे चपला बघून कळायचं.

माझ्या लग्नात तू आहेर घेऊन स्टेजवर आलास, मला मिठी मारलीस आणि कानात म्हणालास, "नाही मरत." बायकोला आजपर्यंत वाटतं की तो आशीर्वाद होता. तुझं लग्न झालंच नाही. विचारलं की म्हणायचास, हिरोईन आधी मध्या लिहीन, मग तिचं तोंड बंद कोण करीन? मामी गेली. घरात तुम्ही दोघंच उरलात, एक ओरडणारा आणि एक न बोलणारा. शेजारी म्हणायचे कसं निभतं? मी पाहायचो. मामा ओरडायचा, तू ताट वाढायचास. निभत होतं.

परवा परवा, म्हणजे आता ते फार जुनं वाटतं, रसवंतीवर उसाचा रस पीत उभे होतो. तू म्हणालास, "त्या पानावर मी फुगाच नाही काढणार. मंग काय करशीन?" मी म्हटलं, "फुगा नाही तर लोकांना कळणार कसं?" तू हसलास, रंगाचे डबे सायकलला लटकवलेस आणि गेलास.

मग ती दुपार. कापडाच्या दुकानाची पाटी, बांबूच्या परांचीवर तू. खाली उतरलास, म्हणे, पायरीवर टेकलास आणि पाणी मागितलंस. पाणी आलं तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. उन्हाचा काही संबंध नाही, असंही सांगितलं. मी गेलो तेव्हा तुझं सामान माझ्या हातात दिलं. दोन ब्रश, आणि तुझा दुपट्टा, गाठ तशीच, पिवळ्या रंगाचे शिंतोडे उडालेला.

आणि मग मामानं तुला अग्नी दिला. त्याला कुणी "लाव ना" म्हणालं नाही. मी मागे उभा होतो आणि मला चिखलात पडलेला तो पलिता दिसत होता. ओला हाय म्हणून टाकून देता येत नव्हतं. यापुढे मला लिहिता येत नाही, तूही वाचू नकोस.

काल दुपारी मी कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन मामाकडे गेलो. दुसरं काही सुचेना. दुपट्टा धुऊन घडी करून आणला होता, तो मामाच्या बाजेवर ठेवला. आणि ओट्यावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागलो. त्याच्या कानात वाचायचं म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे. "तबकडी बाजूले घ्या जी!" मी बोंबललो. समोरची खिडकी उघडली. "तूर दबून राहिली!" तिच्या शेजारची उघडली. थोड्या वेळानं अख्खी गल्ली दारांत उभी होती. जी पोट्टी एकेकाळी त्या सलूनमध्ये डोकी भादरून घ्यायची, ती आता टक्कल घेऊन उभी होती. कोसळणाऱ्या उल्कारामचं पान आलं तेव्हा मी "आई गं" म्हणायच्या आधी तेच म्हणाले.

सीताबर्डीची टेकडी आली. बाप समोर, मुलगा समोर. मी पान उलटलं. कोरं. मी थांबलो.

मामाचा गळा खरखरला. मग आवाज आला, गंज चढलेला, पण तोच.

"अन् मंग?"

त्यानं कोऱ्या पानावर बोट ठेवलं.

"खग्रासचं काय झालं?"

एवढी वर्षं भांडलो तुझ्याशी, दिग्या. उत्तर द्यायला एक क्षणही लागला नाही. "जिवंत हाय, मामा!"

"आँ?"

"जिवंत हाय! मेला नाही!"

त्यानं मान हलवली. कोऱ्या पानावरून हात फिरवला. "अन् पोट्टा?"

मी कारकून आहे, गोष्टीवेल्हाळ आहे, कुठल्याही प्रश्नावर पानभर बोलू शकतो. पण एवढंच ओरडलो, "उन्हात गेला, मामा!"

मामा माझ्याकडे बघत होता. इतक्या हळू त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"दुपट्टा बांधला होता?"

आता तो उल्कारामबद्दल विचारत नव्हता. इतके दिवस त्या तोंडात हा एकच प्रश्न अडकलेला होता आणि डॉक्टरांच्या कागदानं तो सुटणार नव्हता.

"बांधला होता, मामा! मी पाहिला. घट्ट होता. गाठसुदीक सुटली नव्हती."

"होय?"

"होय."

तो बराच वेळ मान हलवत राहिला. मी डोळे पुसायला उठलो, आणि बघणाऱ्यांपासून तोंड लपवायला ओट्याची पायरी उतरून उन्हात आलो. मागून गर्जना झाली.

"अन् तुया कुठी हाय बे? मरायचं हाय काय?"

दिग्या, चौकात पानठेलेवाल्याच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज मी ऐकला. अख्खी गल्ली हसली, आणि हसता हसता बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मामा आत गेला, तुझा दुपट्टा घेऊन आला आणि माझ्या डोक्याला असा आवळला की अजून कान दुखताहेत. पन्नाशीला आलेला माणूस मी, चौकातल्या पोट्ट्यांसमोर. तू का चिडायचास ते कळलं. तू का बांधायचास तेही.

घरी येऊन मी शेवटचं पान काढलं. हो, मी. तुझ्याच ब्रशनं. खग्रास उल्कारामच्या डोक्याला दुपट्टा बांधतो आहे. उल्कारामचं डोकं दुधीभोपळ्यासारखं आलंय, आणि बाप दुपट्टा बांधतोय की गळा दाबतोय हे माझ्या मुलीला सांगावं लागलं. पण फुगा काढलेला नाही. एकही शब्द नाही. तू म्हणाला होतास तसं.

आज सकाळी मामाला नेऊन दाखवलं. त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उन्हाकडे तिरका केला. मी उभा होतो, परीक्षेला बसल्यासारखा.

"डावी मिशी खाली आली बे," मामा म्हणाला, आणि पान घडी न घालता उशाशी ठेवलं.